तुंबारा

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
सहा नंबरच्या नळीतलं रक्त थांबलं.

तासाला दीडशे, मग एकशेवीस, मग नव्वद,
मी आकडे मांडत होते वाण्याच्या हिशेबासारखे
आणि पुढच्या चौकटीत: पाच.
"सुकलं एकदाचं," कॅलम म्हणाला, हातमोजे काढत.
नवा मुलगा, तिसरी रात्र.

मी काही बोलले नाही.
मिरजेला आमची मोरी अशीच गप्प व्हायची.
गुळगुळ, गुळगुळ, आणि मग काहीच नाही.
आई पोळपाटावरून मान वर न करता म्हणायची,
"तुंबली बघ. काठी आण."
वाहून संपलेलं पाणी वेगळं गप्प असतं,
अडलेलं वेगळं.

सहा नंबर म्हणजे नॉर्मन गार्बट, वय एकाहत्तर,
टीज नदीकाठच्या पोलाद कारखान्यात बत्तीस वर्षं.
दुपारी त्याच्या पायातली शीर काढून
हृदयावर तीन नवे रस्ते घातले.
कारखान्याची भट्टी पाडली तेव्हा
तो लांबच्या टेकडीवर मोटारीतच बसून राहिला, उतरला नाही,
हे डोरीनने सांगितलं, भेटीची वेळ संपताना,
त्याच्या औषधांच्या यादीत
हेही लिहून घ्यायला हवं अशा आवाजात.

हात गार. गुडघ्यापर्यंत गार.
लघवी या तासाला बारा.
रक्तदाब नव्वद, ऐंशी,
आणि गळ्यातल्या शिरेचा मात्र चढतोय
नऊ, तेरा, अठरा.
एक उतरतो, एक चढतो,
मधे हृदय, आपल्याच रक्ताच्या गर्दीत
अंग चोरून.

नळी हलवून पाहिली. आत गाठ,
भिजलेल्या आमसुलासारखी.

फोन केला.
या देशात पहिली चार वर्षं
मी प्रत्येक वाक्याआधी एक 'सॉरी' ठेवायचे,
शुभकार्याआधी सुपारी मांडावी तशी.
त्या रात्री नाही मांडली.
नळी बंद. दाब पडतोय. शिरेचा चढतोय.
छाती उघडावी लागेल. या.

एनकेची आली, केस अर्धे बांधलेले, धावत.
थिएटर दोन मजले खाली
आणि दाब पंचावन्न.
"इथेच," ती म्हणाली.
पेटी कोण आणणार, पडदे कोण ओढणार,
तारा कापायची पक्कड कुणाच्या हातात,
हे सगळं आम्ही मंगळवारी बाहुल्यावर केलं होतं,
हसत, बाहुल्याला नाव ठेवून.
आता कुणी हसत नव्हतं, पण हात
मंगळवारचेच होते.

सहा तारा. टक, टक.
फासळ्यांचं दार उघडलं
आणि दोन मुठी काळंभोर रक्त तिने बाहेर काढलं.
मी पडद्याकडे पाहत होते.
पंचावन्न. पंचावन्न.
शंभर.
कुणी ढकललं नाही, कुणी ओढलं नाही,
जागा मिळाली एवढंच.

शिरेच्या एका बारीक फाट्यातून गळत होतं.
टाका एकच लागला.

पहाटे कॅलमने विचारलं, तुला कसं कळलं?
मी म्हटलं, शिरेचा दाब बघत जा, नळीवर विश्वास नको.
मोरीचं नाही सांगितलं.
मोरीला इंग्रजीत शब्द सापडेना
आणि मला उभ्या उभ्या झोप येत होती.

पाचव्या दिवशी गार्बटसाहेब खुर्चीत.
तिसऱ्या रात्री ठोके भरकटले होते, ते औषधाने रुळावर आले.
मी टॉवेलची गुंडाळी त्याच्या छातीशी दिली,
कवटाळ आणि खोक, नाहीतर फुप्फुसात पाणी धरेल.
तो खोकला. डोळ्यांत पाणी आलं. पुन्हा खोकला.
मग म्हणाला,
"छाती तारेने शिवलीय म्हणतात. पोलादाच्या?"
हो, म्हटलं. दोनदा.
"कुठल्या पोलादाच्या?"
मला माहीत नव्हतं.
"शेफील्डचं नसू दे म्हणजे झालं,"
आणि हसायला गेला, आणि हसणं दुखलं,
आणि त्याने टॉवेल घट्ट धरला.